पट्टीखाली पट्टी

आदल्या तासाला परिच्छेदातलं मुख्य वाक्य, म्हणजे बाकीची वाक्यं ज्याचा तपशील देतात ते, ओळखायला दिलं होतं. पाचवीच्या मुलांनी पहिल्या वाक्याखाली रेघ मारून वह्या दिल्या होत्या आणि बहुतेकांचं बरोबर आलं होतं. परिच्छेदच तसे होते, पुढचं वाचायची गरजच पडली नव्हती. म्हणून या वेळी परिच्छेद कापला. चार जणांच्या गटाला सहा कागदी पट्ट्या, नंबर नाहीत, सगळ्या मिसळलेल्या:

ऑक्टोपसला तीन हृदयं असतात.
ऑक्टोपसचं रक्त निळं असतं.
ऑक्टोपसच्या अंगात एकही हाड नसतं.
ऑक्टोपस अरुंद फटीतून निसटू शकतो.
ऑक्टोपसच्या शरीराची रचना आपल्या शरीरापेक्षा फार वेगळी असते.
ऑक्टोपस समुद्रात राहतो.

प्रत्येक पट्टीवर 'ऑक्टोपस' मुद्दाम ठेवला. 'त्याचं', 'म्हणून' असे शब्द आले की मुलं त्यांवरून क्रम लावतात, अर्थाकडे बघतच नाहीत.

यातलं मुख्य वाक्य कोणतं? सातपैकी चार गटांनी तीन हृदयं उचलली. का? "तेच सगळ्यात भारी आहे!" ही चूक नेहमीची. दोन गटांनी समुद्र धरला, कारण सगळे ऑक्टोपस समुद्रातच राहतात. एका गटाचं उत्तर बरोबर होतं. कारण विचारलं तर, "ती पट्टी सगळ्यात लांब आहे, बाई." तिथं शाबासकी दिली असती तर पुढचा परिच्छेद त्यांनी फूटपट्टीनं सोडवला असता.

मग फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: 'म्हणजे कसं?' तो प्रत्येक पट्टीला विचारायचा आणि उत्तर उरलेल्या पट्ट्यांत शोधायचं. तीन हृदयं असतात, म्हणजे कसं? निळं रक्त हे काही त्याचं उत्तर नाही. रचना वेगळी, म्हणजे कशी? हृदयं, रक्त, हाड अशा तीन पट्ट्या पटापट खाली लागल्या. समुद्र कशाचंच उत्तर देईना, तो बाजूला गेला.

राहिली फट. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं ती मुख्य पट्टीखाली न लावता हाडाच्या पट्टीखाली सरकवली. "हाड नाही म्हणून निसटतो. हृदयं तीन आहेत म्हणून थोडाच?" (ऑक्टोपसची चोच मात्र कडक असते. ती जिथून जाते, तिथून बाकीचं अंग जातं.) माझ्या तयारीत चारही तपशील एका रांगेत होते. तिची मांडणी जास्त बरोबर होती: फट हा तपशिलाचा तपशील.

शेवटची पंधरा मिनिटं मुख्य पट्टी काढून घेतली. उरलेल्या चार पट्ट्या बघून ते वाक्य आता तुम्ही लिहा. खरी कसोटी ही, कारण पुष्कळ परिच्छेदांत मुख्य वाक्य छापलेलंच नसतं. 'ऑक्टोपसची माहिती' आलं, तो नुसता विषय झाला, त्याबद्दल सांगितलं काहीच नाही. 'ऑक्टोपस विचित्र प्राणी आहे' फारच पसरट, त्यात काहीही बसेल. 'ऑक्टोपसचं रक्त आणि हृदय वेगळं असतं' म्हटलं तर हाड बाहेर राहतं, आणि हाडाबरोबर फटही.

एका गटानं लिहिलं: 'ऑक्टोपसचं शरीर आतून निराळंच असतं.' 'आतून' हा शब्द माझ्या पट्टीवर नव्हता. हृदय, रक्त, हाड, तिन्ही आतलीच. पुढच्या वर्गासाठी पट्टी बदलली.