तुम्ही विचारलंत म्हणून: व्हीएम नीट चालतंय, मग अपडेट कशाला?

व्हर्च्युअल मशीन (व्हीएम), म्हणजे आपल्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनं चालवलेला दुसरा कॉम्प्युटर, त्याच्या सॉफ्टवेअरचं अपडेट आलं की मला ठरलेला प्रश्न येतो, “सगळं नीट चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?” आणि त्याच्या मागोमाग, “नाहीतरी व्हीएम वेगळंच आहे की, आत काय झालं तर आतच राहील.” प्रत्येकाला वेगळं टाइप करून सांगायचा आता कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

“आतच राहील” हे कशाच्या जोरावर म्हणतोय आपण? मधे एक भिंत आहे म्हणून. आणि ती भिंत म्हणजे तेच व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर, क्यूईएमयू किंवा हायपर-व्ही, ज्याचं अपडेट आपण “नंतर बघू” म्हणून बंद करतो. गेस्टमधल्या, म्हणजे व्हीएमच्या आतल्या, विंडोजला पॅच मारणं (दुरुस्तीचं अपडेट टाकणं) वेगळं आणि ही भिंत दुरुस्त करणं वेगळं, पण लोक पहिलं करतात आणि दुसरं झालंच असं धरून चालतात.

आता भिंतीला तडा कुठे जातो ते सांगतो, कारण हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं. प्रोसेसरचं काम बरंचसं हार्डवेअरच सांभाळतं, इंटेलचं व्हीटी-एक्स आणि एएमडीचं एएमडी-व्ही त्यासाठीच असतं. पण गेस्टला जे नेटवर्क कार्ड दिसतं, डिस्क कंट्रोलर दिसतो, यूएसबी, साउंड, ग्राफिक्स, ते सगळं नाटक असतं. होस्टवरचा, म्हणजे बाहेरच्या खऱ्या कॉम्प्युटरवरचा, एक प्रोग्राम नेटवर्क कार्ड असल्याचं सोंग घेऊन बसलेला असतो, गेस्ट त्याला काही बाइट्स देतो आणि तो ते वाचून त्याप्रमाणे वागतो. वाचताना लांबी तपासायची राहिली, की गेस्टनं दिलेला डेटा होस्टच्या मेमरीत नको तिथे जाऊन बसतो, आणि तो डेटा कोणी मुद्दाम रचलेला असेल तर गेस्टमधला माणूस होस्टवर स्वतःचा कोड चालवतो. याला व्हीएम एस्केप म्हणतात. भिंतीचं काम बघता याहून वाईट बग नाही.

हे नुसतं थिअरीत असतं असं वाटत असेल तर व्हेनम नावाचा बग आठवा. मे २०१५, सुरक्षा दोषांच्या यादीतला क्रमांक सीव्हीई-२०१५-३४५६. बग कुठे होता, तर क्यूईएमयूच्या फ्लॉपी कंट्रोलरमध्ये! आणि तो कोड २००४ पासून तिथेच होता, कोणाचं लक्षच नाही. झेन, केव्हीएम (हीसुद्धा व्हीएम चालवणारी सॉफ्टवेअर) आणि व्हर्च्युअलबॉक्स तिन्ही त्यात सापडले कारण तिघांनीही तोच कोड घेतला होता, व्हीएमवेअर आणि हायपर-व्ही वाचले. कहर म्हणजे झेन आणि क्यूईएमयूमध्ये तुम्ही सेटिंगमधून फ्लॉपी काढून टाकलेली असली तरी दुसऱ्याच एका बगमुळे तो कोड जिवंतच राहायचा. त्यामुळे “मी ते वापरतच नाही” या वाक्यावर माझा तेव्हापासून फारसा विश्वास नाही.

दुसरं उदाहरण व्हर्च्युअलबॉक्सचं. नोव्हेंबर २०१८ मध्ये सर्गेई झेलेन्युक नावाच्या संशोधकानं व्हर्च्युअलबॉक्स बनवणाऱ्या ओरॅकलला न कळवता सरळ सगळं जाहीर करून टाकलं, तेही चालत्या एक्स्प्लॉइटसकट (बग वापरून हल्ला करायच्या पद्धतीसकट), कारण बग कळवा मग महिनोन्महिने वाट बघा या प्रकाराला तो वैतागला होता. बग होता इंटेल प्रो/१००० या व्हर्च्युअल नेटवर्क कार्डात, नॅट मोडमध्ये (गेस्टनं होस्टच्याच पत्त्यानं इंटरनेट वापरायची सेटिंग). म्हणजे नवीन व्हीएम बनवताना बरेच जण नेक्स्ट नेक्स्ट करून जे घेतात तेच कॉन्फिगरेशन! गेस्टमध्ये ॲडमिन हक्क असले की झालं. ओरॅकलनं काही दिवसांतच ५.२.२२ ही आवृत्ती काढून ते बुजवलं, पण त्या मधल्या दिवसांत कार्ड बदला किंवा नॅट सोडा, एवढेच उपाय हातात होते. आणि ज्यांनी ५.२.२२ कधी टाकलंच नाही त्यांच्यासाठी ते मधले दिवस संपलेच नाहीत.

आता हमखास येणारा मुद्दा, “मी चेंजलॉग (बदलांची यादी) वाचला, त्यात माझ्या कामाचं काहीच नव्हतं.” वाचता हे उत्तमच, पण व्हर्च्युअलबॉक्सच्या चेंजलॉगमध्ये बहुतेक ऑडिओ अडकत होता, खिडकीचा आकार चुकत होता, लिनक्सच्या अमुक कर्नलवर (गाभ्यावर) मॉड्यूल, म्हणजे त्याला जोडायचा तुकडा, बनत नव्हतं असले बग फिक्स दिसतात. सिक्युरिटीचा हिशोब ओरॅकल वेगळ्या ठिकाणी देतं, त्यांच्या तिमाही पॅचच्या पत्रकात. ते जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांच्या तिसऱ्या मंगळवारी येतं आणि व्हर्च्युअलबॉक्सची नवी आवृत्तीही साधारण त्याच सुमाराला येते. तिथेही फार तपशील नसतो, सगळी वाक्यं ठोकळेबाज, पण एक वाक्य मी शोधतो: दोष व्हर्च्युअलबॉक्समध्ये असला तरी हल्ल्याचा परिणाम इतर उत्पादनांवरही होऊ शकतो, अशा अर्थाचं. तांत्रिक भाषेत त्याला स्कोप चेंज म्हणतात. ते दिसलं की समजायचं, दोषाचा परिणाम व्हर्च्युअलबॉक्सपुरता थांबत नाही, आणि त्या आठवड्यात अपडेट मारून मोकळं व्हायचं.

व्हीएमवेअरवाले याबाबतीत जरा बरं लिहितात. मार्च २०२५ मध्ये त्यांनी तीन बगांचं पत्रक काढलं, ईएसएक्सआय (सर्व्हरवर व्हीएम चालवणारं), वर्कस्टेशन, फ्युजन या त्यांच्या सगळ्या उत्पादनांना लागू असलेलं, त्यातल्या सर्वात गंभीर बगाला १० पैकी ९.३ गुण, गेस्टमधल्या ॲडमिनला होस्टवरच्या व्हीएम प्रोसेसमध्ये कोड चालवता यायचा, आणि पत्रक येण्याआधीच त्याचा प्रत्यक्ष वापर होत होता. तात्पुरता उपाय काही नव्हता, पॅच हाच उपाय. अशा वेळी “रविवारी बघू” म्हणायचं नसतं.

आणि “नंतर बघू” किती लांबू शकतं? फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआय-आर्ग्स नावाच्या रॅन्समवेअरनं (फायली अडकवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामनं) जगभरातले हजारो ईएसएक्सआय सर्व्हर लॉक केले. संशय ज्या बगावर होता, ईएसएक्सआयमधल्या ओपनएसएलपी या नेटवर्क सेवेतला, त्याचा पॅच फेब्रुवारी २०२१ मध्येच आला होता. पूर्ण दोन वर्षं! शिवाय ते सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडे होते, ती वेगळीच गोष्ट, त्याबद्दल बोलायला लागलो तर हा लेख संपायचा नाही.

बरं, अपडेट टाकलं म्हणजे लागू झालं असंही नाही, आणि हा भाग लोक सगळ्यात जास्त विसरतात. लिनक्सवर केव्हीएम-क्यूईएमयू वापरत असाल तर पॅकेज अपडेट केल्यावर डिस्कवरची फाइल नवी होते, पण जे व्हीएम आधीपासून चालू आहे ते मेमरीतल्या जुन्याच क्यूईएमयू प्रोसेसवर चालत राहतं. आतून रीबूट केलंत तरी साधारणपणे प्रोसेस तोच राहतो, त्यामुळे उपयोग नाही! व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करायला लागतं, किंवा नवं क्यूईएमयू असलेल्या होस्टवर लाइव्ह मायग्रेट करायला (चालू असतानाच हलवायला) लागतं. उबंटू सर्व्हरवर अपडेटच्या शेवटी एक ओळ येते बघा, कोणतंही व्हीएम जुन्या हायपरवायझरवर (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालू नाही अशा अर्थाची, ती ओळ यासाठीच असते आणि ती कोणी वाचत नाही. केव्हीएमचा कर्नलमधला भाग बदलला असेल तर होस्टच रीबूट. मोठ्यांनाही यातून सहसा सुटका नसते, २०१४ च्या सप्टेंबरअखेर झेनमधल्या एका बगासाठी अमेझॉनला ईसी२ या भाड्यानं सर्व्हर देणाऱ्या सेवेतल्या १० टक्क्यांच्या आत का होईना पण सर्व्हर रीबूट करायला लागले होते, आणि १ ऑक्टोबरला बग जाहीर होईपर्यंत नेमकं कारण सांगायचीही सोय नव्हती.

व्हर्च्युअलबॉक्सचा इन्स्टॉलर मशीन्स बंद करायला लावतो, त्यामुळे तिथे हा घोळ कमी. पण तिथे तीन तुकडे असतात: मुख्य प्रोग्राम, एक्स्टेंशन पॅक (जादा सोयींचा) आणि गेस्ट ॲडिशन्स (गेस्टच्या आत टाकायचे ड्रायव्हर). लोक पहिला तुकडा अपडेट करून उठतात. एक्स्टेंशन पॅक त्याच आवृत्तीचा लागतो (आणि तो घरी फुकट असला तरी ऑफिसच्या कामाला फुकट नाही, हे कृपया एकदा वाचा). गेस्ट ॲडिशन्स प्रत्येक गेस्टच्या आत जाऊन अपडेट करायच्या, कंटाळवाणं काम आहे, पण तोही ड्रायव्हर आहे आणि त्यातही बग निघतात.

आता तुमच्या बाजूनं बोलतो, कारण अपडेटनं काम बिघडतं ही भीती खोटी नाही. ऑगस्ट २००८ मध्ये व्हीएमवेअरच्या ईएसएक्स ३.५ अपडेट २ मध्ये चाचणीच्या काळातली मुदत संपवणारा कोड चुकून राहून गेला होता, १२ ऑगस्ट उजाडला आणि बंद असलेली व्हीएम सुरूच होईनात, कंपनीच्या प्रमुखांना जाहीर माफी मागायला लागली. जानेवारी २०२२ मध्ये विंडोज सर्व्हरच्या मासिक अपडेटनंतर काहींची हायपर-व्हीवरची मशीन्स सुरू होईनात, मग मायक्रोसॉफ्टनं घाईघाईत वेगळा पॅच काढला. आणि लिनक्स कर्नल ६.१२ आलं तेव्हा केव्हीएम मॉड्यूल लोड होतानाच प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशन सोय स्वतःकडे घ्यायला लागलं, त्यामुळे व्हर्च्युअलबॉक्स उघडलं की एरर. लोकांनी व्हर्च्युअलबॉक्सला शिव्या घातल्या, वास्तविक केव्हीएम मॉड्यूल काढून टाकलं की चालत होतं. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलाच कोड सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर कर्नल मॉड्यूलच्या सहीचा त्रास वेगळाच.

म्हणून मी सगळी अपडेट्स एका मापानं मोजत नाही. व्हर्च्युअलबॉक्सच्या आवृत्तीतला तिसरा आकडा बदलला असेल, ७.१ च्या आतलंच काहीतरी, तर ते बग फिक्स आणि सिक्युरिटीचं असतं, ते आठवड्याच्या आत टाकतो. दुसरा किंवा पहिला आकडा बदलला तर घाई करत नाही, आणखी एकदोन दुरुस्त्या येऊ देतो, तोपर्यंत जुन्या मालिकेलाही पॅच मिळत असतात. कुठपर्यंत मिळणार तेवढं मात्र बघून ठेवायचं. ६.१ ची मालिका २०२४ च्या सुरुवातीला थांबली, आणि तरी “६.१ वर मस्त चालतंय सर” असे मेसेज मला अजून येतात.

टाकायच्या आधी मशीन सेव्ह केलेलं असेल तर ते उघडून नीट शटडाउन करतो, कारण सेव्ह केलेली स्थिती नव्या आवृत्तीत बहुतेक वेळा उघडते पण नाही उघडली तर आतलं न जतन केलेलं काम गेलं. मग बंद मशीनचा अख्खा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी. स्नॅपशॉटला (मशीनच्या एका क्षणाच्या नोंदीला) बॅकअप समजू नका हो, तो मूळ डिस्कवर टेकलेली फरकाची फाइल असतो, मूळ गेली की तोही गेला. ओव्हीए एक्स्पोर्टही (मशीन एका फाइलीत बांधून घेणं) चालतं, फक्त त्यात आत्ताची स्थितीच जाते, जुने स्नॅपशॉट जात नाहीत.

राहिला शेवटचा गट, ज्यांच्याकडे एखाद्या जुन्या प्रोग्रामसाठी विंडोज एक्सपीचं व्हीएम आहे आणि जे म्हणतात की त्याला अपडेटच येत नाहीत तर आम्ही काय करणार. गेस्टला येत नाहीत, होस्टला येतात ना! आतलं मशीन जितकं जुनं तितकी बाहेरची भिंत नवी पाहिजे. आणि त्याला शेअर्ड फोल्डर लिहिण्याच्या परवानगीसह, दोन्ही बाजूंनी क्लिपबोर्ड आणि ब्रिज्ड नेटवर्क (बाहेरच्या नेटवर्कला थेट जोडलेलं) असं सगळं देऊन ठेवलं असेल तर बाहेर पडायला कोणाला बग शोधायचीही गरज नाही. आधी नेटवर्क ॲडॉप्टर काढा, फोल्डर फक्त वाचण्यापुरता ठेवा, मग अपडेटचं बोलू.