खडीतला पाला : फेब्रुवारी ते एप्रिलची नोंद

मागच्या दिवाळीत पुण्यातल्या आमच्या परसात खडी टाकली. १२ बाय ९ फुटांचा तुकडा, खाली तण अडवायला जिओटेक्स्टाइल कापड, वर ३ इंच पाऊण इंची खडी. कोपऱ्यात बदामाखाली पांढरे गोटे, निव्वळ हौस. डोक्यावर कडुनिंब आहे आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा गुलमोहर. ते तेव्हाही दिसत होतंच म्हणा.

फेब्रुवारी, दुसरा आठवडा. कडुनिंब झडायला लागला. खराटा मारला, तर सुपलीत पाल्याइतकीच खडी. शिवाय खराट्याचे हीर फटीत शिरून बारीक पानं आणखी खाली ढकलतात. आई पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, "शेणानं सारवलेलं होतं तेव्हा पाच मिनिटांत व्हायचं रे." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

फेब्रुवारीअखेर. ६०० वॉटचा छोटा ब्लोअर आणला. पहिल्याच दिवशी पूर्ण वेगात, नळी उभी धरून चालवला. बारीक कच तुळशीवृंदावनापर्यंत उडाली आणि पाला शेजाऱ्यांच्या नुकत्याच धुतलेल्या गाडीवर. आता वेग निम्मा ठेवतो, नळी जमिनीलगत आडवी धरतो आणि सगळं एकाच दिशेनं ताडपत्रीकडे ढकलत नेतो. तेही दुपारीच, कारण सकाळी दवानं पानं दगडाला चिकटलेली असतात.

बदामाची पानं मोठी, ती हातानंच उचलायची. पण दोन दिवस आळस केला आणि नेमका मार्चमधला अवकाळी शिडकावा झाला. पानांतलं टॅनिन उतरून गोट्यांवर तपकिरी डाग. फायटर मासे पाळणारे हीच पानं मुद्दाम टाकीत टाकतात. माझ्या गोट्यांना ते फुकटात मिळालं. घासूनही पूर्ण गेलेलं नाही.

खरा शत्रू मात्र गुलमोहर. त्याची पर्णिका जेमतेम सेंटिमीटरभर, तीही सुटी गळते आणि सरळ तळाला जाते. तिथं काय होतं ते बघायला फाटकाजवळची तीन वर्षांपूर्वीची खडी उकरली. खाली बोटभर काळी माती, त्यात दुर्वा आणि पिंपळाचं एक रोप, मुळं कापडातून आरपार! तण वरून आलेल्या मातीत उगवतं, कापड त्याला काय अडवणार?

म्हणून मार्चच्या मध्यापासून खडीवर ७५ टक्केवाली शेडनेट, म्हणजे ७५ टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी, पसरली आहे. आधी अखंड तुकडा होता. उचलताना मधोमध झोळ पडून सगळा पाला परत खडीत सांडला. मग कापून ६ बाय ९ चे दोन केले, कडेला विटा ठेवल्या. दर रविवारी मी आणि बायको चार कोपरे धरतो आणि पाला थेट खताच्या ड्रममध्ये. तुरळक पर्णिका निसटतात, त्या ब्लोअरला. ड्रममध्ये पाल्याचा थर, ओल्या कचऱ्याचा थर, वर आंबट ताक. बदामाची पानं चुरूनच टाका, नाहीतर महिनोन्‌महिने तशीच राहतात.

दिसायला जाळी भिकार दिसते, हे कबूल. खडी टाकली ती शोभेसाठी आणि आता ती झाकून बसलोय.

एप्रिल, दुसरा आठवडा. कडुनिंबाला नवी पालवी, पानगळ जवळपास थांबली. जाळी काढणार होतो, तर गुलमोहर फुलला. शनिवारी सकाळी सगळी हिरवी जाळी लाल पाकळ्यांनी भरलेली. आई म्हणाली, "राहू दे आजच्या दिवस." राहू दिली.