नाव झाकून बघ

कलेतिहासाच्या वर्गात मॅडमनी निबंधांची अदलाबदल करायला लावली. माझा निबंध मैत्रिणीकडे, तिचा माझ्याकडे, आणि समासात पेन्सिलीने शेरे मारायचे. रविवारी चहा घेऊन बसले. पहिल्या पानावर लिहिलं, ‘छान जमलंय.’ दुसऱ्यावर, ‘सुंदर!’ तिसऱ्यावर हात अडखळला, कारण तोवर मी धड वाचलंच नव्हतं.

निबंध सावळाराम हळदणकरांच्या ‘ग्लो ऑफ होप’वर होता. दिव्यापुढे आडवा हात धरून उभी असलेली ती बाई, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधली. पुष्कळ जण हे चित्र राजा रविवर्म्याचं समजतात. रविवर्मा १९०६ मध्येच गेला आणि हे चित्र १९४०च्या दशकातलं. मैत्रिणीने ती चूक केली नव्हती. चित्र जलरंगातलं आहे हेही नोंदवलं होतं. पण पुढे दीड पान नुसती आशा. अंधारातली आशा, स्त्रीच्या मनातली आशा, पारतंत्र्यातल्या देशाची आशा. सगळा निबंध चित्राच्या नावावर चालला होता.

खोडावंसं वाटलं. पण दुसऱ्याचं खोडता खोडता आपण तिथे आपलाच निबंध लिहायला लागतो, ही माझी जुनी खोड. म्हणून आधी मोबाइलवर चित्र मोठं करून पाहिलं. ज्योत हाताआड आहे. तिचा उजेड बोटांतून झिरपतो आणि बोटं तांबूस दिसतात. पारदर्शक जलरंगात असा उजेड मागाहून वर चढवता येत नाही. कागदाचा पांढरेपणा आधीपासून राखावा लागतो. एकदा गडद झालं की माघारी येणं कठीण. एवढं सगळं त्या बोटांत होतं, आणि निबंधात बोटं नव्हतीच.

रबराने ‘छान’ आणि ‘सुंदर’ पुसलं. लिहिलं, ‘नाव झाकून फक्त बोटं बघ. तांबडी का दिसतात?’

माझा निबंध परत आला. तिने चार ठिकाणी ‘अप्रतिम’ला गोल केला होता आणि पहिल्या परिच्छेदाशेजारी लिहिलं होतं, ‘हा काढला तरी चालेल.’ दोन दिवस मी तिच्याशी जरा तुटकच बोलले. मग परिच्छेद काढला. निबंधाला काहीही झालं नाही.

तिसऱ्या दिवशी रात्री तिचा फोटो आला. देवघरातलं निरांजन, त्यापुढे आडवा धरलेला तिचा हात, बोटांच्या कडा लालभडक. खाली लिहिलं होतं, ‘खरंच गं, तांबडी दिसतात. पण चटका बसतो. हेही लिहू?’