नखाला लागलेली फट

मी कातून दिलेलं लाकडी पेन डबीसकट परत आलं. घेऊन येणारे गृहस्थ घड्याळं दुरुस्त करतात. त्यांनी काही न बोलता पेन माझ्या हातात दिलं आणि मग म्हणाले, "अंगठ्याचं नख कड्यावरून फिरवा."

फिरवलं. वरची लाकडी नळी आणि मधलं कडं जिथे भेटतात, तिथे एका बाजूला नख सुळकन निसटलं आणि दुसऱ्या बाजूला अडकलं. मी फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पत्त्यांचा जुडगा, काढलं. 0.25 मिलिमीटरची पत्ती सहज आत गेली. हे पेन फिरवून उघडायचं असल्यामुळे वरची नळी फिरली की फटही तिच्याबरोबर फिरायची. एकदा दिसल्यावर नजर तिथून हलेना.

"लहान आहे, पण आहे," ते म्हणाले. ज्यांचा दिवस भिंगाखाली जातो त्यांच्याशी यावर काय वाद घालणार!

खरं सांगायचं तर अशा फटी मी आधीही पाहिल्या होत्या आणि दरवेळी पेनाच्या तयार सुट्या भागांच्या किटमधल्या कड्यावर ढकलल्या होत्या. या वेळी व्हर्नियर लावून कडं चारही बाजूंनी मोजलं. जाडी सगळीकडे सारखी. म्हणजे दोष माझ्या लाकडात होता. टोकाला साधारण 15 मिलिमीटर व्यास असलेल्या नळीचं तोंड फक्त एक अंश तिरकं असलं, तरी एका कडेला पाव मिलिमीटरची फट पडते. दाबून ती मिटत नाही. जास्त दाबलं तर कडं वाकडं बसतं, नाहीतर लाकूड तडकतं.

हे पेन जाड होतं, कारण त्यांची बोटं दुखायची आणि बारीक पेन धरवायचं नाही. लाकूड त्यांनीच आणून दिलं होतं, मुळाच्या गाठीचं, वेड्यावाकड्या रेषांचं. आता त्यातला एकाच पेनापुरता तुकडा उरला होता. चार दिवसांत नवीन करून देतो, असं मी सांगून बसलो.

ब्लँक, म्हणजे पेनासाठीचे लाकडी ठोकळे, कापले, 25 मिलिमीटरचे चौकोनी. मधोमध भोक पाडून 10 मिलिमीटरच्या पितळी नळ्या एपॉक्सीने बसवल्या. आता तोंडं गुण्यात आणायची होती. म्हणजे ब्लँकचं टोक आतल्या नळीशी बरोबर काटकोनात आणि तिच्या कडेशी सपाट यायला हवं. त्यासाठीच्या कटरला मधोमध दांडी असते. ती नळीत जाते आणि वरचं दातेरी डोकं तोंड तासत खाली येतं. पितळ चमकलं की थांबायचं. आधी कटरच बोथट झाला असेल म्हणून त्याला धार लावली, आणि वरच्या ब्लँकच्या क्लिपकडच्या टोकापासून सुरुवात केली.

नळी तोंडापासून अडीच मिलिमीटर आत होती. पहिला एक मिलिमीटर लोण्यासारखा गेला. मग आवाज बदलला, घरघर सुरू झाली आणि जळक्या लाकडाचा वास आला. मी हात काढणार तेवढ्यात टक्! एका कोपऱ्याची ढलपी उडून भिंतीवर आपटली. ब्लँक उचलून पाहिला, तर त्या कोपऱ्यापासून केसाएवढी भेग आत नळीच्या दिशेने गेली होती. शेवटचा तुकडा, आणि ही अवस्था. मी यंत्र बंद केलं आणि थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

मग तोंडावरचा भुसा फुंकला आणि नीट पाहिलं. कटरचं डोकं 19 मिलिमीटरचं. ब्लँकची बाजू 25 आणि कर्ण 35. कटर जितका खाली जात होता, तितकी त्याच्याभोवती लाकडाची भिंत उभी राहत होती. मी तोंड सपाट करत नव्हतो, विहीर खणत होतो! उघड्यावर तासताना ढलप्या बाजूने उडून जातात. इथे त्यांना वाट नव्हती. त्या तळाशी दबून बसल्या होत्या आणि कटर एका बाजूने त्यांच्यावर चढला होता. डोक्याच्या बाजूला दात नसतात, ती नुसती भिंतीवर घासत होती. जळका वास त्याचाच. एकीकडून रेटा आल्यावर सगळ्यात कमी आधार कोपऱ्याला होता, तो गेला. तसं पाहिलं तर 19 चौकोनाचा नेहमीचा ब्लँकसुद्धा कर्णावर 27 भरतो, पण तिथे जेमतेम चार टोकं उरतात, म्हणून निभावतं.

दुसरी चूक कबूल करायला लाज वाटते. माझ्या कटरची दांडी बारीक पेनांच्या नळीच्या मापाची. 10 च्या नळीत ती खुळखुळते. मग मी काय केलं होतं? डोक्याजवळ कागदी टेपचे चार वेढे. वर घट्ट लागायची, खालचं टोक मोकळं. नळीच्या पूर्ण लांबीत दांडीला आधार असता, तर थोड्या ढिलाईने काही बिघडलं नसतं. 50 मिलिमीटर लांबीत 0.2 ची ढिलाई असली, तर 15 व्यासावर जेमतेम 0.06 चा फरक पडतो, तो नखालाही कळत नाही. पण आधार टेपच्या एका अरुंद पट्टीवरच असेल, तर तळातल्या ढलप्या दांडीला हव्या तेवढ्या कलवू शकतात. पहिल्या पेनाची फट तिथूनच आली होती.

आधी भेगेत पातळ सुपरग्लू सोडला. तो आपोआप आत ओढला जातो. सुकेपर्यंत लेथच्या, म्हणजे लाकूड फिरवत कातायच्या यंत्राच्या, चकमध्ये (पकडीत) भंगारातला एक कठीण लाकडाचा तुकडा धरला आणि नळीत संपूर्ण लांबीभर घट्ट सरकेल असा दांडा कातला. मग तो चकमधून हलवला नाही. जागेवर कातलेला दांडा लेथच्या आसाशी आपोआप सरळ असतो. काढून परत धरला की ती खात्री गेली. थोडा सैल वाटला म्हणून कागदाची एक पट्टी गुंडाळली, पण या वेळी टोकापासून टोकापर्यंत. ब्लँक त्यावर चढवला आणि दांड्याच्या बाहेर आलेल्या टोकाला टेलस्टॉकचा, म्हणजे लेथच्या समोरच्या टेकूचा, आधार दिला.

तोंडाला अजून हात लावायचा नव्हता. आधी कोपरे घालवून ब्लँक गोल केला. दोन्ही टोकांना आठ-दहा मिलिमीटर लांबीत व्यास 17 पर्यंत उतरवला, मध्ये जाडी राहू दिली. आता ढलप्यांना मोकळी वाट होती आणि उडायला कोपराच उरला नव्हता. नाहीतरी कातून टाकायचंच लाकूड होतं ते! मग तिरकी पटाशी, लांब टोक पुढे, कडेकडून मध्याकडे कागदासारखे पातळ थर. पितळ आधी एका बाजूला चंद्रकोरीसारखं चमकलं, दोन हलक्या फेऱ्यांनंतर पूर्ण कडं दिसलं. तिथेच हात थांबवला. पितळ आणखी खाल्लं तर नळी आखूड होते आणि रिफिलचं टोक प्रमाणाबाहेर पुढे येतं. ब्लँक उलटा करून दुसरं तोंडही तसंच केलं.

तपासायला तोंडावर मार्कर फासला, सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवला आणि ब्लँक सरळ उभा धरून त्यावर हलकेच एकदा फिरवला. शाई सगळीकडून सारखी गेली. एका बाजूला राहिली असती, तर ती बाजू खोल. खालचा ब्लँक दुपारपर्यंत विनातक्रार झाला, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

चौथ्या दिवशी ते आले. नख फिरवलं, मग भिंग डोळ्याला लावून पेन सावकाश गोल फिरवत राहिले. कोपरा उडाल्याचं मी फोनवर सांगितलं होतं.

"भेग कुठाय?" त्यांनी विचारलं.

"क्लिपखाली. जुळवताना मुद्दाम तिथे आणली."

ते हसले. "आम्ही पट्ट्याखाली लपवतो," म्हणाले आणि पेन खिशाला लावलं.