एकाच हरितगृहात कीटकभक्षी झाडे आणि कोळी : माझा अनुभव

पुण्यात गच्चीवर छोटेसे हरितगृह उभारायचे म्हटले की बहुतेक जण ऑर्किड किंवा अँथुरियमचा विचार करतात. मला कीटकभक्षी वनस्पती वाढवायच्या होत्या. त्या वाढवता वाढवता बागेतल्या कोळ्यांचे निरीक्षणही आपोआप पदरात पडले, कारण ज्या किड्यांवर माझी झाडे जगणार होती, त्याच किड्यांच्या मागावर कोळीही आत आले. या दोघांना एका छपराखाली नांदवता येते का, आणि एकाच्या तोंडचा घास दुसरा पळवतो का, हे मला पाहायचे होते.

सुरुवात पाण्यापासून करावी लागली. या वनस्पती मुळात नत्राची चणचण असलेल्या दलदलीत किंवा कातळावरच्या ओलसर जागी वाढतात. पानांनी कीटक पकडून ती उणीव भरून काढत असल्या, तरी त्यांच्या मुळांना क्षार अजिबात सोसत नाहीत. पाण्यातील विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण 50 पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत 50 भागांच्या) आत असावे, असे वाढवणारे जाणकार सांगतात. आमच्या सोसायटीच्या बोअरचे पाणी क्षार मोजणाऱ्या मीटरवर चारशेच्या पुढे जात होते, त्यामुळे ते पहिल्याच दिवशी बाद झाले. पावसाळ्यात पन्हळीचे पाणी पिंपांत साठवायचे आणि एरवी आर.ओ.चे शुद्ध पाणी वापरायचे, अशी व्यवस्था केली. (आर.ओ.च्या सांडपाण्याच्या नळीतून येणारे पाणी उलट जास्त क्षारयुक्त असते, ते या झाडांना चुकूनही घालू नये.) पिंपांच्या तोंडाला मलमलीचे फडके घट्ट बांधणे भाग होते, कारण स्वच्छ साठवलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासांची पैदास होते, आणि मला किडे हवे असले तरी ते नको होते.

कुंडीत माती नाही, शेणखत नाही, गांडूळखत तर मुळीच नाही. पीट मॉस (दलदलीतले कुजलेले शेवाळ) आणि परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) यांचे मिश्रण वापरले. स्वस्त म्हणून कोकोपीट घेणाऱ्यांनी ते शुद्ध पाण्यात अनेकदा धुऊन, पिळून, मीटरने पाणी तपासूनच वापरावे, कारण त्यात मीठ राहिलेले असते. झाडे निवडताना दोन पथ्ये ठरवली. कास किंवा कोकणातल्या सड्यांवरून काहीही उपटून आणायचे नाही, आणि मेघालयातली घटपर्णी (घड्यासारख्या पानात किडे पकडणारी वेल), जिचा समावेश वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने घालणाऱ्या सायटिस कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, तिच्या वाटेला जायचे नाही. रोपवाटिकेत तयार झालेली संकरित घटपर्णी, पान मिटून किडा पकडणारा व्हीनस फ्लायट्रॅप, उत्तर अमेरिकेतली उभ्या नळीसारख्या पानांची सारासेनिया आणि एका हौशी मित्राच्या कुंडीतल्या बियांपासून उगवलेले दोन प्रकारचे दवबिंदू (ड्रॉसेरा, चिकट पानांची झाडे) एवढ्यावर भागवले. दवबिंदूचे बी धुळीसारखे बारीक असते. ते ओल्या मिश्रणावर नुसते भुरभुरायचे, वर काही झाकायचे नाही, कारण त्याला उजेड लागतो.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा पॉलिकार्बोनेटच्या छपराखाली काय होत असेल याची कल्पना करता येईल. पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी, जमिनीवर भिजवलेली गोणपाटे आणि वरच्या झडपा दिवसभर उघड्या, यावर उन्हाळा निघाला. त्या उघड्या झडपांतूनच पहिले कोळी आले असावेत.

पावसाळा संपत आला तेव्हा सारासेनियाच्या उभ्या नळ्या आणि खिडकीची चौकट यांच्यामध्ये सिग्नेचर कोळ्याच्या मादीने जाळे बांधले. ही अर्जिओपी अनासुजा, स्वीडिश अभ्यासक टोरेल यांनी 1887 मध्ये वर्णिलेली जाती. पोटावर पिवळे पट्टे, डोके खाली, आणि आठ पाय दोन-दोनच्या जोड्यांनी असे जुळवलेले की लांबून चारच दिसावेत. पायांच्या रेषेत तिने रेशमाची पांढरी नागमोडी नक्षी विणली होती. ही नक्षी कशासाठी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत: कुणी म्हणतात ती किड्यांना आकर्षित करते, कुणी म्हणतात ती पक्ष्यांना जाळे दाखवून त्यांची धडक टाळते, तर कुणाच्या मते ती कोळ्याची आकृती लपवते. माझ्या हरितगृहात पक्षी येत नसूनही ती नक्षी जवळजवळ रोज दिसे, यावरून काही सिद्ध होत नाही, पण मी नोंद ठेवली. कुंडी उचलताना जाळ्याला धक्का लागला की ती सगळे जाळेच जोराने झुलवू लागे, इतके की तिची आकृती धूसर व्हायची.

घरकामाला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात झाडू हातात घेतला होता. "ताई, ही जाळी काढून टाकू ना? घरात जाळं ठेवू नये." मी म्हटले, "मावशी, एवढं एक राहू द्या, ते पाळलेलं आहे." त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती माशा खाणारी झाडे आणली तेव्हाचीच होती.

भिंग घेऊन पाहिल्यावर जाळ्यात आणखी एक भाडेकरू सापडला. टाचणीच्या डोक्याहून थोडा मोठा, चांदीसारखा चकाकणारा अर्जिरोडीस कोळी कडेच्या धाग्यावर उलटा लटकत होता. हा चोरटा. मोठ्या मादीने एखादी माशी रेशमात गुंडाळून ठेवली आणि ती दुसऱ्या शिकारीकडे वळली की हा सावकाश पुढे सरकायचा आणि त्या गाठोड्याशी जाऊन चिकटायचा. जाळ्याला त्याचे वजन जाणवत नसावे, किंवा जाणवूनही तिला त्याची पर्वा नसावी.

मुख्य प्रश्न स्पर्धेचा होता. घटपर्णीचे आणि सारासेनियाचे सुकलेले घडे चिरून पाहिले, तर आत बहुतांश मुंग्यांचे अवशेष निघाले. मुंग्या घड्याच्या काठावरचा मधुरस चाटायला चालत येतात. त्यांचा आणि हवेत टांगलेल्या जाळ्याचा संबंध क्वचितच येतो. व्हीनस फ्लायट्रॅपचे तर त्याहून नवल. अमेरिकेतल्या कॅरोलायना भागात, जिथे ते निसर्गतः वाढते, त्याच्या भक्ष्यात मुंग्या आणि कोळी मिळून निम्म्याहून जास्त भरतात. पानावरच्या संवेदी केसांना साधारण वीस सेकंदांच्या आत दोनदा स्पर्श झाला की पान मिटते, आणि असा स्पर्श चालणाऱ्या प्राण्याकडूनच सहज होतो. माझ्याकडेही एका पानात उड्या मारणारा छोटा कोळी अडकलेला सापडला. म्हणजे फ्लायट्रॅपच्या बाबतीत कोळी हा प्रतिस्पर्धी कमी आणि जेवण जास्त.

खरी झळ बसली ती दवबिंदूला. त्याची पाने चिकट थेंबांनी भरलेली असतात आणि त्यांवर येतात ती उडणारी चिलटे, म्हणजे नेमके जाळ्यातलेच खाद्य. एका जातीच्या पानाच्या कडेचे लांब तंतू तर काही सेकंदांतच आत वळतात. चिलट बसते, पाय सोडवायला धडपडते, आणि आपण श्वास घेऊन पाहावे तोवर ते पानाच्या मध्याकडे ढकललेले असते. जाळ्याच्या थेट खाली ठेवलेल्या ट्रेमधल्या पानांवर मला चिलटे विरळ दिसू लागली आणि दूरच्या ट्रेमध्ये ती भरपूर होती. दोन ट्रे पाहून नियम मांडता येत नाही हे खरे, पण फ्लोरिडातल्या अभ्यासकांनी 2010 मध्ये गुलाबी दवबिंदू आणि जाळे विणणारा लांडगा-कोळी यांच्याबद्दल असेच काही प्रसिद्ध केले आहे. दोघांचे खाद्य बरेचसे सारखे निघाले. जिथे दवबिंदू जास्त, तिथे कोळी जाळे मोठे आणि दूर बांधत होते. आणि प्रयोगशाळेत जास्त कोळी ठेवलेल्या झाडांना चिकट तंतू आणि बिया दोन्ही कमी आल्या. ते वाचल्यावर मी दवबिंदूचे ट्रे समोरच्या भिंतीकडे, झडपेखाली हलवले. जाळे हलवण्यापेक्षा ट्रे हलवणे सोपे होते.

कोळी ठेवल्याने औषध फवारणीचा मार्ग मात्र बंद होतो. फ्लायट्रॅपच्या कोवळ्या पानांवर मावा पडला, तेव्हा कोळ्यांनी त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. जाळे विणणाऱ्या कोळ्याला जागचे न हलणारे किडे उपयोगाचे नसतात. मी कुंडी दोन दिवस शुद्ध पाण्यात पूर्ण बुडवून ठेवली, मावा गेला, झाड टिकले.

थंडी सुरू होताना मादीने छपराच्या कोपऱ्यात अंड्यांची पिशवी विणली. पिल्ले उघड्यावर धाग्याच्या आधाराने वाऱ्यावर दूर जातात, पण बंद हरितगृहात तशी सोय नसते आणि गर्दीत ती एकमेकांनाच खातात. म्हणून पिशवी जिथे चिकटली होती तो जाळीचा तुकडा कापून मी बाहेर तगरीच्या झुडपावर बांधला. त्याच सुमारास फ्लायट्रॅपच्या कुंड्याही बाहेर काढल्या, कारण त्यांना हिवाळ्यात विश्रांती लागते आणि डिसेंबर-जानेवारीत पुण्याची रात्र दहा अंशांच्या आसपास उतरते, तेवढ्यावर त्यांचे भागते. पाणी कमी केले, काळवंडलेली पाने कापली. फेब्रुवारीच्या अखेरीस त्यांना नवे कोंब आले आणि कुंड्या पुन्हा आत गेल्या. दवबिंदूचे बी कागदाच्या पुडीत घालून फ्रीजमध्ये ठेवले आहे, ते जूनमध्ये झडपेखालच्या ट्रेमध्येच पेरणार आहे.