नव-शापेलची माती

फ्रान्समधल्या लीलहून सायकलवर निघालं की नव-शापेल पंचवीसेक किलोमीटर. वाटेत ओबेर गावापाशी एक उंचवटा लागतो. आपल्याकडे त्याला कुणी टेकाडही म्हणणार नाही, फार तर वीसेक मीटर उंच. पण पलीकडे उतरताना सगळं शिवार एका नजरेत दिसतं, आणि १९१४ मध्ये जर्मनांना हा उंचवटा का हवा होता ते लगेच कळतं.

गाव पा-द-कॅले जिल्ह्याच्या अगदी कडेला आहे, जेमतेम हजार-दीड हजार वस्तीचं. नावाचा अर्थ 'नवं प्रार्थनाघर'. त्यातलं 'नव' आणि आपलं 'नवं' मुळात एकच. चर्च, मेरी म्हणजे गावाची कचेरी, लाल विटांची घरं. सगळं पहिल्या महायुद्धानंतर पुन्हा बांधलेलं, कारण जुनं काही उरलंच नव्हतं. मी गेले तेव्हा नोव्हेंबर होता. शेतांतून बीट काढणं चालू होतं आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरी रस्ताभर चिखल आणला होता.

तिथूनच बाबांना फोन लावला. ते बीईजीतून, म्हणजे लष्कराच्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून निवृत्त झालेत, आमचं सगळं लहानपण खडकीत गेलं. त्यांचा पहिला प्रश्न, "माती कशी आहे गं?"

"चिकण. चरात हातभरावर पाणी दिसतंय."

"मग खंदक कसा टिकणार?"

टिकत नव्हताच. फावडं मारलं की पाणी लागायचं. म्हणून या भागात खंदक खाली खणण्याऐवजी वर बांधावे लागले, मातीच्या पोत्यांची छातीएवढी भिंत रचून. शेतातले चर तुंबले की सैनिक गुडघाभर पाण्यात उभे. खणणं हाच ज्यांचा धंदा, ती खडकीची माणसं अशा जमिनीवर येऊन पडली होती.

२८ ऑक्टोबर १९१४. गाव नुकतंच जर्मनांच्या हाती गेलेलं. ते परत घ्यायला ब्रिटिश फौजेचं पायदळ पुरेना, म्हणून ४७ व्या शीख पलटणीबरोबर बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या पुढे धाडल्या. पूल बांधणारे, सुरुंग लावणारे हे लोक संगिनी लावून उघड्या शेतातून गेले, गावात शिरले, घराघरांतून लढले. पाठीमागून कुमक आलीच नाही आणि त्यांना मागे फिरावं लागलं. दोन्ही कंपन्यांचे सगळे ब्रिटिश अधिकारी मेले किंवा जखमी झाले. शिकलेल्या कारागिरांना असं वापरणं मला आजही पटत नाही.

मार्चमधली मोठी लढाई पुस्तकांत सापडते. १० मार्च १९१५ ला सकाळी साडेसातला ब्रिटिशांच्या तोफा सुरू झाल्या, त्या ३५ मिनिटं. गाव त्याच दिवशी हाती आलं, पण ओबेरचा तो उंचवटा काही मिळाला नाही. तीन दिवसांत ब्रिटिश फौजेचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून अकरा हजारांवर, त्यांतले चार हजारांहून जास्त हिंदुस्थानी. गढवालचा गबरसिंग नेगी पहिल्याच दिवशी पडला; त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

गावाबाहेरच्या चौकात १९२७ मध्ये उभं राहिलेलं हिंदुस्थानी सैनिकांचं स्मारक आहे. गोल आवार, दगडी जाळी, कमळाचा माथा असलेला पंधरा मीटरचा स्तंभ आणि त्याच्या दोन बाजूंना दोन दगडी वाघ. 'ईश्वर एक आहे, विजय त्याचाच' हे चार भाषांत कोरलंय. त्यांत हिंदी आहे, आणि त्या सपाट फ्रेंच शिवारात देवनागरी दिसल्यावर मी जागच्या जागी थांबले. भिंतीवर चार हजार सातशेहून जास्त नावं आहेत. ज्यांना कबर किंवा चितेची जागा लाभली नाही, त्यांची.

सॅपर्सची नावं सापडल्यावर बाबांना पुन्हा फोन केला. "वाच," म्हणाले. रोमन अक्षरांतली ती नावं मी अडखळत वाचत होते आणि बाबा प्रत्येक नाव, आमच्या गावाकडे म्हणतात तसं, नीट उच्चारून परत म्हणत होते.