वालेन्सियाचा फायास: मांडवाच्या आतून

फेब्रुवारीअखेरच्या एका सकाळी खोलीखालच्या चौकात फटाक्यांची लड लागली आणि मी झोपेतून उठून खिडकीकडे धावले. घरमालकीणबाई शांतपणे कॉफी ओतत होत्या. म्हणाल्या, "आता १९ मार्चपर्यंत हे असंच."

एका सत्रासाठी स्पेनमधल्या वालेन्सियाला शिकायला गेले होते. फायास मोठा उत्सव असतो एवढंच ऐकून होते. पण दोन दिवसांत कळलं की हा उत्सव साताऱ्याच्या माझ्या पेठेतल्या गणपतीसारखाच गल्लीगल्लीचा आहे. शहरभर मिळून चारशेच्या आसपास मंडळं आहेत. प्रत्येकाची वर्गणी, बँड आणि 'कासाल' म्हणतात ती जागा. तिथेच बैठका, तिथेच जेवणं. वर्षभर खपून प्रत्येक मंडळ एक प्रचंड देखावा उभा करतं आणि १९ मार्चच्या रात्री जाळून टाकतं. सुतारांचे संत जोसेफ यांच्या सणाच्या आदल्या रात्री सुतार उरलेलं लाकूड जाळत, त्यातून हे आलं असं तिथे सांगतात. २०१६ साली युनेस्कोने फायासला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते: नुसतं बघायला जाऊ नका, कुठल्यातरी कासालमध्ये शिरा. रीतसर सभासद व्हायला नोंदणी आणि वर्गणी लागते, रात्रीचे कार्यक्रमही बरेचदा सभासदांपुरतेच असतात. पण कामाला हात हवेच असतात. मी फेब्रुवारीतच दारात जाऊन मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, "काही मदत करू का?" एका आजींनी काही न बोलता घडीच्या खुर्च्यांचा ढीग दाखवला. त्या लावून झाल्यावर माझं नाव विचारलं. १५ मार्चला जाऊन विचाराल तर कुणाला बोलायलाही सवड नसते.

१५ तारखेच्या रात्री देखावे उभे करायचे असतात. त्याला 'प्लांता' म्हणतात. क्रेनने वरचे भाग चढवतात, पायथ्याशी 'निनोत' म्हणजे आकृत्या मांडतात. माझ्याकडे भोवती हिरवळीच्या पट्ट्या अंथरायचं काम होतं. ओली माती नखांत गेली होती आणि पहाटे तीन वाजता कुणीतरी हातात गरम चॉकलेटचा पेला आणि बुन्युएलो दिला. लाल भोपळा घालून तळलेला, आतून जाळीदार. पहिल्या घासाला घरचे घारगे आठवले. निनोतांजवळ पाट्या असतात, त्यांत पुढाऱ्यांवर आणि गावच्या कारभारावर टोले असतात. त्या वालेन्सियन भाषेत असतात, म्हणून शेजारच्या माणसाला अर्थ विचारा. सांगायला सगळे उत्सुक असतात.

१ ते १९ मार्च रोज दुपारी २ वाजता नगरपालिकेच्या चौकात 'मास्कलेता' असते. हे आतषबाजी बघणं नव्हे, ऐकणं आहे. दारूकाम लयीत चढत जातं आणि शेवटच्या मिनिटात आवाज छातीच्या पिंजऱ्यात घुमतो. तासभर आधी पोचा, तोंड किंचित उघडं ठेवा. कानांचा त्रास असेल तर चौकात न जाता बाजूच्या रस्त्यावर थांबा. तिथेही पुरेसं कळतं.

१७ आणि १८ तारखेला पुष्पार्पण. रेशमी पोशाखातल्या बायका-मुली फुलांचे गुच्छ घेऊन मिरवत येतात आणि येशूची आई मारिया हिची लाकडी सांगाड्याची उंच मूर्ती त्या फुलांनी भरत जाते. आमच्या मंडळातली एक कॉलेजची मुलगी आदल्या रात्रीपर्यंत हसत-खिदळत होती. मूर्तीसमोर आल्यावर ती हुंदके देऊन रडली. मला आमच्या घाटावरची शेवटची आरती आठवली.

'क्रेमा' म्हणजे देखावे जाळण्याच्या रात्री, १९ तारखेला, सुती कपडे आणि बंद बूट घाला. ठिणग्या उडतात आणि कृत्रिम धाग्याला लगेच भोक पडतं. आधी मुलांचे छोटे देखावे जळतात, मोठे साधारण १० वाजल्यापासून. आग नीट धरावी म्हणून आकृत्यांना आधीच भोकं पाडतात. अग्निशमनवाले आजूबाजूच्या भिंतींवर पाणी मारत राहतात. त्यांची वाट बघावी लागते, म्हणून उशीर होतो. आम्ही बराच वेळ थांबलो. मग लड पेटली, आणि मी ज्याच्याभोवती हिरवळ अंथरली होती तो देखावा काही मिनिटांत गेला. गाल भाजतील की काय असं वाटत होतं, तरी कुणी मागे सरेना. एक गोष्ट मात्र मनापासून खटकते: देखाव्यांतल्या फोमचा काळा धूर. काही कलाकार पुन्हा लाकडाकडे वळताहेत, त्यांचं काम मुद्दाम शोधून बघा. लोकांच्या मतांनी वाचवलेले निनोत फायास संग्रहालयात आहेत, तेही चुकवू नका.

राहायची सोय महिनोन्‌महिने आधी करा, दर चढतात. मुख्य दिवसांत बरेच रस्ते बंद आणि बसचे मार्ग बदललेले असतात, म्हणून पायी फिरायची तयारी ठेवा. शाकाहारी असाल तर पाएल्या, म्हणजे तिथला भाताचा पदार्थ, भाज्यांचाच हवा हे स्पष्ट सांगा, कारण मूळ वालेन्सियन पाएल्यात कोंबडी आणि ससा असतो.

निघताना आजींना मोबाइलवर आमच्या मंडळाच्या विसर्जनाचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी दोनदा पाहिला आणि विचारलं, "मग दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळे काय करता?" मी म्हटलं, "मांडव सोडवतो, हिशेब करतो." त्यांनी मान डोलावली आणि खुर्च्यांकडे बोट दाखवलं. आम्ही दोघींनी मिळून त्या घडी केल्या.